बाकावर बसलेला खेळाडू : ड्राझेन पेट्रोविच



जीवनपरिचय म्हटला की आपण समाजसुधारक, शास्त्रज्ञ, संत यांच्याविषयी लिहितो. आज मी एका खेळाडूविषयी लिहिणार आहे, आणि त्याचा खेळही आपल्या गावाकडे फारसा खेळला जात नाही. आमच्या शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलची रिंगसुद्धा नाही. तरीही लिहायचं कारण सांगते.

आमच्या शाळेतला पाचवीतला एक मुलगा खो-खोत फार चपळ. केंद्रस्तरावर सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. पुढे केंद्राचा एकत्र संघ तालुक्याला गेला, तेव्हा तो राखीव खेळाडू होता. तीन सामने झाले, पोरगा एकदाही मैदानात उतरला नाही. परत आल्यावर त्याने सरावाला येणंच बंद केलं. वडील शाळेत आले. पोराला काय नुसतं पाणी द्यायला नेलं होतं का, असं त्यांनी मला विचारलं. खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. धीर धर, तुझी वेळ येईल, असं आपण मुलांना म्हणतो, पण ते म्हणताना आपल्यालाच ते पोकळ वाटत असतं.

तेव्हा मला ड्राझेन पेट्रोविचची आठवण झाली. युरोपातला त्याच्या काळातला सगळ्यात मोठा गुण मिळवणारा खेळाडू अमेरिकेत गेला आणि दीड वर्ष बाकावर बसला. त्याने तिथे काय केलं, ते आपण आज पाहू.

जन्म आणि शिबेनिकचं मैदान

ड्राझेनचा जन्म २२ ऑक्टोबर १९६४ रोजी शिबेनिक या गावी झाला. एड्रियाटिक समुद्राच्या काठावरचं हे जुनं बंदर. आज ते क्रोएशिया देशात आहे, पण तेव्हा युगोस्लाव्हिया नावाचा एकच मोठा देश होता आणि क्रोएशिया, सर्बिया, बोस्निया, स्लोव्हेनिया हे सगळे त्याचे भाग होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वडील योव्हान, आई बिसेर्का आणि मोठा भाऊ अलेक्सांदर. भावाला सगळे आत्सो म्हणत. आत्सो बास्केटबॉल खेळायचा म्हणून धाकटाही चेंडू घेऊन त्याच्या मागे निघाला. घरोघरी असंच असतं, नाही का? थोरला जे करतो ते धाकट्याला करायचंच असतं.

गावात शिबेंका नावाचा क्लब होता. ड्राझेनच्या सवयीची जी गोष्ट आजही सांगितली जाते ती या क्लबच्या सभागृहातली आहे. शाळा भरण्याआधी पहाटे तो तिथे जायचा. सभागृहाची किल्ली त्याच्याकडे असायची. कोणी प्रशिक्षक नाही, जोडीदार नाही. एकट्याने बास्केटवर पाचशे नेम मारायचे, मग दप्तर घेऊन शाळेत. संध्याकाळी संघाबरोबरचा सराव वेगळाच.

पाचशे हा आकडा वाचताना सोपा वाटतो. एका नेमाला सहा सेकंद धरले तरी पन्नास मिनिटं होतात, आणि चुकलेला चेंडू पळत जाऊन आणायचा वेळ त्यात धरलेला नाही. चौथी-पाचवीच्या गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर घालून बघा.

वयाच्या पंधराव्या वर्षी तो शिबेंकाच्या मुख्य संघात आला. समोरचे खेळाडू पंचवीस-तीस वर्षांचे, हा अजून शाळेतला. त्याची जागा गार्डची. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते : गार्ड म्हणजे चेंडू पुढे घेऊन येणारा, खेळाची आखणी करणारा आणि लांबून नेम साधणारा खेळाडू. उंचपुरे गडी रिंगखाली उभे असतात, गार्ड बाहेरच्या बाजूला. ड्राझेन पुढे जवळपास साडेसहा फूट उंच झाला, तरी या खेळात ती काही फार मोठी उंची नाही. त्याला नेमावरच भागवायचं होतं.

१९८२ आणि १९८३ अशी लागोपाठ दोन वर्षं हे लहानसं गाव युरोपातल्या कोराच चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचलं. दोन्ही वेळा फ्रान्सच्या लिमोज संघाने त्यांना हरवलं.

मिळालेलं आणि काढून घेतलेलं

याच १९८३ सालच्या एप्रिल महिन्यात युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रीय लीगचा निर्णायक सामना शिबेनिकमध्ये झाला. समोर साराएव्होचा बोस्ना हा नावाजलेला संघ. सामना संपता संपता शिबेंका एका गुणाने मागे होती. शेवटच्या क्षणी पंचांनी ड्राझेनला फाउल झाल्याचं दिलं. दोन फ्री थ्रो. वेळ संपलेली, सगळे बाजूला उभे, रिंगसमोर एकटा अठरा वर्षांचा मुलगा. त्याने दोन्ही टाकले. ८३-८२. त्या रात्री त्याचे एकट्याचे चाळीस गुण झाले होते. गाव रस्त्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी बास्केटबॉल महासंघाने निकाल रद्द केला. शेवटचा फाउल देण्यात पंचांची चूक झाली, सामना तटस्थ ठिकाणी पुन्हा खेळा, असा निर्णय आला. शिबेंकाने पुन्हा खेळायला नकार दिला आणि विजेतेपद बोस्नाला गेलं.

फाउल होता की नव्हता, यावर तिथे आजही वाद घालतात. मला त्यात पडायचं नाही. मी फक्त त्या मुलाचा विचार करते. त्याने त्याचं काम चोख केलं होतं. दोन संधी मिळाल्या, दोन्ही साधल्या. बाकीचं सगळं मोठ्या माणसांनी कागदावर ठरवलं. आपल्याकडेही वयाच्या दाखल्यावरून, प्रवेशिका उशिरा गेली म्हणून जिंकलेले संघ बाद होतात. तेव्हा रडणाऱ्या पोरांना समजावणं किती अवघड असतं ते क्रीडाशिक्षकांना विचारा.

त्यानंतर वर्षभर त्याने सक्तीची लष्करी सेवा केली आणि १९८४ मध्ये झाग्रेब शहरातल्या सिबोना संघात दाखल झाला. भाऊ आत्सो तिथे आधीपासून होता. आता दोघे भाऊ एकाच संघात गार्ड म्हणून खेळू लागले.

सिबोनाची वर्षं

इथे मात्र त्याने युरोप हलवून सोडला. आणखी एक योगायोग बघा. १९८४ मध्येच आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये तीन गुणांची रेषा आली. बास्केटपासून ६.२५ मीटरच्या बाहेरून नेम साधला की दोनऐवजी तीन गुण. ज्या पोराने वर्षानुवर्षं पहाटे लांबून चेंडू टाकले, त्याच्या त्याच नेमाची किंमत नियमाने दीडपट केली.

१९८५ मध्ये सिबोना प्रथमच युरोपचा विजेता झाला. अथेन्समधल्या अंतिम सामन्यात त्यांनी रियाल माद्रिदला हरवलं, ड्राझेनचे ३६ गुण. पुढच्या वर्षी बुडापेस्टमध्ये झालगिरिस संघाला हरवून पुन्हा विजेतेपद. त्या झालगिरिसमध्ये सात फुटांहून उंच अर्व्हिदास सबोनिस होता.

ऑक्टोबर १९८५ मध्ये त्याने एका लीग सामन्यात एकट्याने ११२ गुण केले. मुलांना हा आकडा सांगाल तर पूर्ण सांगा. समोरच्या ल्युब्ल्यानाच्या संघाला नोंदणीच्या गोंधळामुळे त्या दिवशी मुख्य खेळाडू उतरवता आले नव्हते, कनिष्ठ मुलं खेळत होती. विक्रम आहे, पण आपण शिक्षकांनी तो अर्धवट सांगू नये.

आणि तो काही गुणी बाळ नव्हता. बास्केट झाली की विमानासारखे हात पसरून पळायचा, प्रतिस्पर्ध्यांना जीभ दाखवायचा, चिडवायचा. माद्रिदचे प्रेक्षक तर त्याच्यावर भयंकर चिडून असायचे. गंमत म्हणजे १९८८ मध्ये त्याच रियाल माद्रिदने त्याला आपल्याकडे घेतलं. १९८९ च्या कप विजेत्यांच्या स्पर्धेत इटलीच्या कासेर्ता संघाविरुद्ध अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि ड्राझेनने ६२ गुण करून तो माद्रिदला जिंकून दिला. एकट्यानेच सगळे चेंडू मारतो म्हणून काही सहकारी नाराज होते, अशीही चर्चा तेव्हा झाली. चर्चेत तथ्य असावं असं मला वाटतं. पंधराव्या वर्षापासून तोवर त्याला कधी चेंडू मागावा लागला नव्हता. चेंडू आपसूक त्याच्याकडे यायचा.

पोर्टलंडचा बाक

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स संघाने १९८६ मध्येच त्याचं नाव आपल्या यादीत घेतलं होतं. तिथे दरवर्षी सगळे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. ड्राझेनचा क्रमांक साठावा लागला, तिसऱ्या फेरीत! युरोपातली माणसं इथे टिकणार नाहीत असं तेव्हा अमेरिकेत बहुतेकांना वाटायचं. त्यांची ताकद कमी, बचाव कच्चा.

१९८९ मध्ये माद्रिद सोडून तो पोर्टलंडला गेला. त्याच वर्षी युरोपातून आणखी काही जण एनबीएत आले. त्यात युगोस्लाव्हियाचाच उंच खेळाडू व्लादे दिवाच होता, लॉस एंजेलिस लेकर्समध्ये. दोघे राष्ट्रीय संघातले जिवलग मित्र. परका देश, परकी भाषा, म्हणून सतत फोनवर बोलायचे.

दिवाचला लेकर्सनी खेळवलं. ड्राझेनला पोर्टलंडने बसवलं.

प्रशिक्षक रिक अॅडलमन यांची बाजूही समजून घेऊ. त्यांच्याकडे गार्डच्या दोन जागांवर क्लाइड ड्रेक्सलर आणि टेरी पोर्टर होते. दोघेही कसलेले, संघ जिंकत होता. चाललेली गाडी कोण कशाला थांबवेल? त्यात ड्राझेनचा बचाव अमेरिकी गार्डांच्या वेगापुढे कमी पडत होता. तिथली तीन गुणांची रेषाही लांब, समोरून ७.२४ मीटर. पहिल्या हंगामात त्याला सामन्यामागे साधारण बारा मिनिटं मिळाली. सामना ४८ मिनिटांचा असतो. त्या बारा मिनिटांत तो साडेसातच्या आसपास गुण करायचा. संघ १९९० च्या अंतिम फेरीपर्यंत गेला, तिथे डेट्रॉइटकडून हरला.

पुढच्या हंगामात सुधारेल असं वाटलं तर उलटंच झालं. पोर्टलंडने डॅनी एंज हा आणखी एक अनुभवी गार्ड आणला. आता ड्राझेन पहिल्या ३८ सामन्यांपैकी फक्त १८ सामन्यांत खेळला, तेही सरासरी सात मिनिटं. उरलेल्या वीस सामन्यांत तो कपडे बदलून, गरम होऊन, बाकावर बसून, तसाच घरी गेला.

दरम्यान ऑगस्ट १९९० मध्ये अर्जेंटिनात त्याच्या देशाने जागतिक स्पर्धा जिंकली होती. म्हणजे बघा, ऑगस्टमध्ये जगज्जेत्या संघाचा मुख्य खेळाडू आणि नोव्हेंबरमध्ये बाकावरचा शेवटचा माणूस. माणूस तोच, हात तेच.

आमच्या त्या पालकांना मी हेच सांगायला हवं होतं. तो बसला तेव्हा काय झालं? एक म्हणजे त्याने सराव सोडला नाही, उलट वाढवला. सगळ्यांच्या आधी यायचा आणि सगळे गेल्यावर थांबायचा, असं त्याच्याबरोबरचे लोक सांगतात. शिबेनिकच्या किल्लीची सवय इथे उपयोगी पडली, कारण पहाटेच्या त्या पाचशे नेमांना तेव्हाही कोणी टाळ्या वाजवत नव्हतं.

पण दुसरी गोष्ट आपण मुलांना सांगताना गाळतो. तो गप्प बसला नाही. मला खेळवा, नाहीतर दुसऱ्या संघात जाऊ द्या, असं त्याने स्पष्ट मागितलं. वर्तमानपत्रांतही बोलला. काहींना तो उद्धट वाटला. आपल्या वर्गातला एखादा मुलगा असा बोलला असता तर आपण त्याला आगाऊ म्हटलं असतं, मी तर नक्कीच म्हटलं असतं. आपल्याला धीर धरणारी मुलं आवडतात कारण ती आपल्याला त्रास देत नाहीत. ड्राझेनने धीर धरलाच नाही. त्याने मेहनत केली आणि सोबत हट्टही केला. एकच केलं असतं तर काय झालं असतं? नुसता हट्ट करणाऱ्याला पुढच्या संघाने परत बसवलं असतं, आणि नुसती मेहनत करणारा कदाचित पोर्टलंडच्या बाकावरच राहिला असता.

२३ जानेवारी १९९१ रोजी पोर्टलंडने त्याला न्यू जर्सी नेट्स संघाकडे पाठवलं. सततच्या हारींनी बेजार झालेला हा संघ त्या हंगामात ८२ पैकी २६ सामने जिंकला. पण तिथे त्याला सामन्यामागे वीस मिनिटं मिळाली आणि त्याने साडेबारा गुण केले. पुढच्या हंगामात सदतीस मिनिटं, गुण २०.६. सगळे ८२ सामने खेळला. संघाने ४० सामने जिंकले आणि १९८६ नंतर प्रथमच बाद फेरी गाठली. १९९२-९३ मध्ये सरासरी २२.३ गुण आणि तीन गुणांचे शंभरातले जवळपास ४५ नेम बरोबर. हंगामाअखेर लीगच्या सर्वोत्तम पंधरा खेळाडूंत त्याचं नाव आलं. त्याच वर्षीच्या ऑल-स्टार सामन्यासाठी मात्र त्याला निवडलं नव्हतं. ते त्याला फार लागलं. कराराची मुदत संपत होती, युरोपात परत जावं की काय, असा विचार सुरू झाला होता.

घरचं युद्ध

आता सुरुवातीला सांगितलेल्या त्या देशाकडे येऊ. जून १९९१ मध्ये क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि युद्ध पेटलं. सप्टेंबरमध्ये शिबेनिकवर हल्ला झाला. ड्राझेन हजारो मैल दूर न्यू जर्सीत, आणि त्यानंतर सुरू झाला तो त्याचा तिथला पहिला पूर्ण हंगाम. वर जे आकडे दिले ते या काळातले आहेत.

दिवाच सर्बियाचा. १९९० ची जागतिक स्पर्धा जिंकल्यावर एक प्रेक्षक क्रोएशियाचा झेंडा घेऊन मैदानात आला होता. हा विजय सगळ्या युगोस्लाव्हियाचा आहे म्हणून दिवाचने तो झेंडा काढून घेतला. त्यानंतर ड्राझेनने त्याच्याशी बोलणं तोडलं. रोज फोन करणारे दोन मित्र एनबीएच्या मैदानावर समोरासमोर यायचे आणि पूर्वीसारखं बोलणं व्हायचं नाही. कोण बरोबर, कोण चूक हे मी इथे बसून ठरवणार नाही. समेट करायला पुढे वेळ मिळेल असं दोघांनाही वाटलं असेल.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये नव्या क्रोएशियाचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. समोर मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड यांचा अमेरिकेचा संघ, आणि त्यातच पोर्टलंडचा ड्रेक्सलर. क्रोएशिया ११७-८५ असा हरला. ड्राझेनने २४ गुण केले.

जून १९९३ मध्ये तो राष्ट्रीय संघाबरोबर पोलंडला पात्रता सामने खेळायला गेला. परतताना फ्रँकफर्टला संघ झाग्रेबच्या विमानात बसला, ड्राझेन मैत्रिणीच्या मोटारीने निघाला. ७ जूनची संध्याकाळ, पाऊस, जर्मनीतला महामार्ग. एक ट्रक दुभाजक ओलांडून आडवा आला. ड्राझेन शेजारच्या सीटवर झोपलेला होता. तो जागीच गेला. वय २८.

झाग्रेबच्या मिरोगोय दफनभूमीत त्याची समाधी आहे. सिबोना जिथे खेळते त्या सभागृहाला त्याचं नाव आहे. नेट्सने त्याचा ३ क्रमांक कायमचा बाजूला ठेवला, पुन्हा कोणाला दिला नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. पुष्कळ वर्षांनी दिवाच झाग्रेबला गेला, ड्राझेनच्या आईला आणि भावाला भेटला, समाधीवर जाऊन आला. २०१० मध्ये त्यावर माहितीपट निघाला.

आमच्या वर्गात मी ही गोष्ट दोन तासिकांमध्ये सांगितली. शेवटचा भाग सांगताना वर्ग एकदम शांत झाला. मग एका मुलीने विचारलं की बाई, त्या वीस सामन्यांत तो बाकावर बसून काय बघत होता? मी म्हटलं, आपल्या जागेवर खेळणाऱ्याला बघत असेल. आमचा तो खो-खोवाला मागच्या बाकावर खाली मान घालून ऐकत होता. दोन दिवसांनी तो सरावाला आला, आणि मला येऊन म्हणाला की बाई, पुढच्या वेळी तरी मला खेळवायला सांगाल का सरांना. मी सांगितलंय. सर म्हणाले, बघू.